यकृताच्या शिरा तुंबल्यावर स्टेंट: रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

बड-कियारी आजाराचं निदान झालं, आणि ‘शिरेत स्टेंट (शीर उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी) घालावा लागेल’ असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरात प्रश्नांची रांग लागते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधीच सांगून ठेवतो: बहुतेक प्रश्न स्टेंट घालण्याच्या दिवसाबद्दल असतात, घोळ मात्र त्यानंतरच्या गोळ्यांमध्ये होतात. त्यामुळे गोळ्यांबद्दलची उत्तरं जरा लांब आहेत, ती वगळू नका.

बड-कियारी म्हणजे नेमकं काय?

यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. ते तीन मोठ्या शिरांमधून (उजवी, मधली, डावी) बाहेर पडतं, छातीच्या पडद्याच्या जरा खाली मुख्य महाशिरेत मिळतं आणि तिथून हृदयात जातं. या शिरा किंवा त्यांच्या जवळचा महाशिरेचा भाग गुठळीने, आकुंचनाने किंवा पातळ पडद्याने बंद झाला, की रक्त यकृतातच तुंबतं. यकृत फुगतं, दुखतं आणि पोटात पाणी भरू लागतं. लंडनचे जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये आणि प्रागमध्ये काम करणारे हान्स कियारी यांनी १८९९ मध्ये हा आजार वर्णन केला, म्हणून दोघांचं नाव.

तीनपैकी एकच शीर बंद असेल तर बहुतेकांना पत्ताही लागत नाही. त्रास सुरू होतो तो किमान दोन बंद पडल्यावर. उपचारालाही हेच लागू पडतं. तिन्ही उघडायची गरज नसते, एक चांगली शीर नीट वाहती झाली तरी पुष्कळदा भागतं.

कधी दारूला हात लावला नाही, कावीळही झाली नाही. मग लिव्हर कसं बिघडलं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि त्यात दुखावलेपण असतं, कारण पोटात पाणी म्हटलं की शेजारीपाजारी लगेच दारूचा संशय घेतात. बड-कियारीचा दारूशी संबंध नाही. मूळ बिघाड बहुतेक वेळा रक्तात असतो: रक्त गरजेपेक्षा लवकर गोठतं. बरेच रुग्ण विशी-तिशीतले असतात. लहान मुलांनाही हा आजार होतो.

रक्त का गोठतं, हे कळतं का?

बऱ्याच जणांत कळतं, आणि कधी कधी एकाच माणसात दोन कारणं सापडतात. सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणजे अस्थिमज्जेत रक्तपेशी जास्त तयार होण्याचे आजार. त्यासाठी जॅक-२ या जनुकाची तपासणी करतात. इथे एक गोम आहे. प्लीहा वाढलेली असेल तर ती पेशी अडवून धरते, आणि साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) आकडे नॉर्मल दिसतात. ‘सीबीसी ठीक आहे, मग ही महागडी तपासणी कशाला?’ असं म्हणून ती टाळू नका.

बाकीची कारणं: प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन (रक्त गोठणं आवरणारे घटक) जन्मतः कमी असणं, फॅक्टर फाइव्ह लायडन हा जनुकीय बदल, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, पीएनएच नावाचा रक्ताचा आजार, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे. प्रोटीन सी आणि एस यकृतातच तयार होतात, आणि वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही त्यांचं प्रमाण घटतं. म्हणून आजार जोरात असताना किंवा त्या गोळ्या चालू असताना आलेल्या ‘कमी’ रिपोर्टवरून निष्कर्ष काढायचा नसतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. रक्त गोठण्याच्या दोषांवर तिथे अनेक वर्षं काम चालू आहे.

आमच्या रुग्णाला आधी टीबीची औषधं दिली होती. चुकलं का?

आपल्याकडे असं बऱ्याचदा होतं, आणि त्याला कारण आहे. तरुण माणूस, पोटात पाणी, वजन उतरलेलं, आणि पोटातल्या पाण्यात प्रोटीन जास्त: हे चित्र टीबीचंही असतं आणि बड-कियारीचंही. फरक दुसऱ्या एका आकड्यात सापडतो. रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनमधून पाण्यातलं अल्ब्युमिन वजा केलं, आणि उत्तर १.१ किंवा जास्त आलं, तर यकृताच्या शिरांवर दाब वाढलेला आहे असं समजतात. टीबीत ते सहसा १.१ च्या खाली असतं. टीबीची काही औषधं यकृताला जड जातात, म्हणून पाणी तपासायला पाठवलं असेल तर त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिनही तपासलं का, एवढं जरूर विचारा.

सोनोग्राफी झाली होती. तीत दिसलं कसं नाही?

पोटाची साधी सोनोग्राफी आणि यकृताच्या शिरांचं डॉप्लर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिठ्ठीवर ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढंच असेल तर पाणी आणि वाढलेलं यकृत दिसतं, शिरांमधला प्रवाह पाहिला जाईलच असं नाही. डॉप्लरमध्ये रक्त कुठल्या दिशेने वाहतंय तेही कळतं. निदान बहुतेक वेळा तिथेच होतं. अडथळा किती लांबीचा आहे आणि महाशीर मोकळी आहे का, हे पुढे सीटी किंवा एमआरआयमध्ये पाहतात. सुईने यकृताचा तुकडा काढण्याची गरज क्वचितच पडते.

घरी पाहण्यासारखी एक खूण आहे. पोटावर, आणि विशेषतः पाठीवर, फुगलेल्या निळसर शिरा उभ्या दिसत असतील आणि दोन्ही पाय सुजत असतील, तर अडथळा महाशिरेत असण्याची शक्यता जास्त. खालचं रक्त वर जायला मग त्वचेखालची वाट शोधतं.

सगळ्यांनाच स्टेंट लागतो का?

नाही. उपचार पायऱ्यांनी चढत जातात. आधी रक्त पातळ करणारी औषधं आणि पाण्यासाठी लघवीच्या गोळ्या. एवढ्यावर भागत नसेल, आणि अडथळा आखूड, पोहोचता येण्याजोगा असेल, तर शीर रुंद करायला आत फुगा फुगवणं आणि स्टेंट. शिरांची पूर्ण लांबीच बंद असेल तर टिप्स, म्हणजे यकृताच्या आतूनच नवी वाट काढणं. तेही जमलं नाही किंवा यकृत निकामीच झालं, तर प्रत्यारोपण. आखूड अडथळा समोर दिसत असेल तर औषधांवर महिनोन् महिने वाट पाहण्यात अर्थ नाही, असं माझं मत. तुंबलेलं यकृत हळूहळू कठीण होत जातं.

म्हणजे हृदयात घालतात तोच स्टेंट ना?

तत्त्व तेच, बाकी बरंच वेगळं. हृदयाचा स्टेंट रोहिणीत बसतो आणि त्याची रुंदी साधारण अडीच ते चार मिलिमीटर असते. यकृताच्या शिरेतला स्टेंट सुमारे आठ ते बारा मिलिमीटरचा, तर महाशिरेतला त्याहून खूप मोठा असतो. हे काम हृदयरोगतज्ज्ञ नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटपुरती होती. ‘तीस हजारांचा स्टेंट एवढा महाग का लावताय?’ हा वाद बिलिंग काउंटरवर होतो तो यामुळे.

सर्वांत मोठा फरक गोळ्यांचा. काका-मामांना हृदयात स्टेंट बसला तेव्हा क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू झालं आणि काही काळाने एक गोळी बंद झाली, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. तो हिशेब इथे लावू नका. इथली औषधं निराळी आणि मुदतही निराळी.

प्रत्यक्ष कसं करतात? पोट उघडावं लागतं का?

पोट उघडत नाहीत, टाके नाहीत. कॅथलॅबमध्ये टेबलावर झोपवतात, मानेची उजवी बाजू स्वच्छ करून तिथे बधिर करणारं इंजेक्शन देतात, सोबत गुंगीचं औषध. लहान मुलांना पूर्ण भूल देतात. सोनोग्राफीत बघून मानेतल्या शिरेत सुई घालतात, तिच्यातून बारीक तार आत सरकवतात. ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून महाशिरेत आणि तिथून यकृताच्या शिरेच्या तोंडाशी जाते. तार हृदयातून जाताना क्षणभर धडधड वाढल्यासारखं वाटतं. घाबरू नका, बाजूच्या पडद्यावर ठोके दिसत असतात. महाशिरेत पडदा असेल तर जांघेतूनही जातात, आणि पडदा जाड असेल तर तो सुईने भेदावा लागतो.

मग रंगद्रव्य सोडून एक्स-रेखाली चित्र घेतात. निरोगी यकृतात शिरा सरळ दिसतात. इथे मात्र मोठी शीर बंद असल्याने रक्ताने बारीक बारीक पर्यायी वाटा केलेल्या असतात आणि पडद्यावर कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. त्यानंतर अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. फुगा फुगवला की उजव्या बरगडीखाली, कधी उजव्या खांद्यात, कळ येते. ती थोडा वेळच असते. आकुंचलेला भाग फुग्यावर खाचेसारखा दिसतो आणि दाब वाढवत नेला की ती खाच पुसली जाते. मग तिथे स्टेंट सोडतात आणि दाब पुन्हा मोजतात. दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक जवळपास मिटला, तर काम झालं.

कधी मानेकडून शिरेचं तोंड सापडतच नाही. तेव्हा उजव्या बरगड्यांमधून बारीक सुई यकृतात घालून आतून शीर पकडतात, तार वर पाठवतात आणि मानेकडून ती धरतात. त्यामुळे ‘मानेतून करू म्हणाले होते, पोटावर पट्टी कशी?’ असं वाटलं तर हे उत्तर. एकूण वेळ तास-दोन तास, अवघड केसमध्ये जास्त.

नुसता फुगा पुरत नाही का? धातू आत कशाला?

काहींना पुरतो, विशेषतः पातळ पडदा असेल तर. पण नुसत्या फुग्यानंतर शीर पुन्हा आवळली जाण्याचं प्रमाण जास्त असतं. चीनमध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नुसता फुगा केलेल्यांपैकी ४० टक्क्यांना पुन्हा आकुंचन झालं, स्टेंट घातलेल्यांत ते २ टक्के होतं. वाढत्या वयाच्या मुलांत मात्र शक्य तेवढं फुग्यावर भागवायला बघतात, कारण मूल वाढतं आणि स्टेंट वाढत नाही.

टिप्स म्हणजे काय?

यकृताच्या शिरा उघडण्यासारख्याच उरल्या नसतील, तर यकृताच्या आतूनच नवी वाट काढतात. यकृतात रक्त आणणारी पोर्टल शीर आणि बाहेर नेणारी शीर (किंवा थेट महाशीर) यांच्यामध्ये सुईने बोगदा करून त्यात अस्तर असलेला स्टेंट बसवतात. तुंबलेलं रक्त त्या वाटेने निघून जातं. युरोपातल्या १२४ बड-कियारी रुग्णांचा अनुभव २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. टिप्सनंतर पाच वर्षांनी ७८ टक्के रुग्ण प्रत्यारोपणाशिवाय जिवंत होते.

याची एक किंमत आहे. आतड्यांतून आलेलं थोडं रक्त यकृतात गाळलं न जाताच पुढे जातं, आणि काहींना मेंदूवर त्याचा परिणाम जाणवतो: दिवसा झोप, रात्री जाग, बोलण्यात गडबड, हात थरथरणं. हे आधी घरच्यांच्याच लक्षात येतं. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. लॅक्टुलोजचं पातळ औषध दिलं असेल तर ‘पोट साफ होतंय की’ म्हणून आपल्या मनाने थांबवू नका.

धोके काय?

मोठा धोका दोन प्रकारचा: रक्तस्राव आणि पुन्हा गुठळी. यकृताला सुई लागल्यावर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. उलट नव्या स्टेंटमध्ये पहिल्या काही दिवसांतच गुठळी होऊ शकते. रंगद्रव्याची ॲलर्जी, मूत्रपिंडावर ताण, ताप हेही होतं. स्टेंट सरकून हृदयाच्या कप्प्यात जाणं किंवा हृदयाभोवती रक्त साचणं दुर्मीळ, पण ऐकून ठेवावं असं आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी ‘तुमच्याकडे अशा किती केस होतात?’ असं विचारायला संकोच करू नका. हे रोजचं काम असलेल्या केंद्रात जाण्याने फरक पडतो.

आधी काय तयारी?

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी), प्लेटलेट्स, डॉप्लर किंवा सीटी, आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत का हे पाहण्यासाठी दुर्बीण. सहा तास उपाशी. रक्त पातळ करायची औषधं कधी थांबवायची ते लेखी घ्या. जुन्या सीटीची नुसती रिपोर्टची पानं चालत नाहीत, सीडी लागते. दवाखान्यात पोहोचल्यावर ती घरी राहिल्याचं कळतं, हे ठरलेलंच.

पोट कधी उतरेल?

लघवी दोन-तीन दिवसांतच वाढते, आणि सकाळचं वजन घसरू लागतं. पोट काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरतं. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करा आणि बेंबीवरून टेपने घेर मोजून वहीत लिहा. वजन वेगाने उतरत असेल तर लघवीच्या गोळ्या कमी कराव्या लागतात. आधीच्याच मात्रेत त्या घेत राहिलं की क्रिएटिनिन चढतं. म्हणून पहिल्या आठवड्याची भेट चुकवू नका.

आता स्टेंट बसला, पाणी गेलं. गोळ्या कधी बंद?

बंद नाहीत. बहुतेक रुग्णांना रक्त पातळ करणारं औषध आयुष्यभर लागतं. स्टेंटने वाट उघडली, पण रक्त लवकर गोठण्याची खोड तशीच आहे. सहा महिने बरं वाटलं, शेतीची कामं आली, तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती गोळी मिळाली नाही, म्हणून महिनाभर राहिली: परत पोट फुगून आलेल्या रुग्णांकडून हेच ऐकायला मिळतं. घरात किमान पंधरा दिवसांचा साठा ठेवा.

सुरुवातीला पोटाच्या कातडीखाली रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं असतात, ती घरीही देता येतात. मग असेनोकुमेरॉल किंवा वॉरफरिन. यांचा परिणाम आयएनआर तपासणीत कळतो आणि तो साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. आधी आठवड्याला, मग स्थिरावल्यावर महिन्याला, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. या गोळ्या वेगवेगळ्या मिलिग्रॅममध्ये मिळतात, आणि २ च्या जागी ४ ची पट्टी हातात येणं ही चूक खरोखर घडते. पट्टीवरचा आकडा दरवेळी वाचा. एक गोळी विसरली आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तर दोन एकदम घेऊ नका.

रिव्हरोक्साबॅन, एपिक्साबॅन, डॅबिगाट्रॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, काहींना त्या चांगल्या चालतात. पण यकृत फार खालावलेलं असेल किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल तर त्या टाळतात. शेजारच्याला चालतात म्हणून बदलून मागू नका.

जॅक-२ दोष सापडला असेल तर रक्ताच्या डॉक्टरांचे उपचारही तितकेच चालू राहिले पाहिजेत.

पालेभाजी बंद करायची का?

मुळीच नाही. मेथी, पालक, शेपू, अळू यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते असेनोकुमेरॉल-वॉरफरिनच्या उलट काम करतं, हे खरं. पण प्रमाण रोज साधारण सारखं ठेवलं की गोळीचा डोस त्यावर बसवता येतो. आठवडाभर भाजी बंद आणि मग श्रावणात रोज पालेभाजी, असं केलं की आयएनआर हलतो. खरं पथ्य मिठाचं आहे, तेही पोटात पाणी असेपर्यंत कडक: दिवसभराला सगळं मिळून एक छोटा चमचा. पापड, लोणचं, फरसाण, सुकट, खारे बोंबील यांतलं मीठ मोजलंच जात नाही, म्हणून ते आधी बंद. प्रोटीन मात्र कमी करू नका. डाळ, अंडी, दूध, ताजे मासे चालतात.

सोबत काढा, गुळवेल घेतली तर?

नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, आधीच दुखावलेल्या यकृतावर तो आजमावायची गरज नाही. ॲलोपॅथीच्या गोळ्यांचंही तेच. कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते, मात्रा डॉक्टरांना विचारून. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल सुरू झालं तर आयएनआर चढतो. दात काढायला गेलात तरी डेंटिस्टना आधी सांगा.

पाळी, गर्भनिरोधन, बाळ यांचं काय?

हे प्रश्न सासूबाईंसमोर विचारले जात नाहीत, म्हणून इथे सविस्तर. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या कायमच्या बंद. तांबी हा चांगला पर्याय आहे, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पाळीत आधीच जास्त जात असेल तर दुसरा मार्ग बघावा लागतो. गणपतीत, लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात. त्यांतल्या नोरएथिस्टेरॉनचं शरीरात थोडं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं, आणि गुठळीचा इतिहास असलेल्या बाईने त्या घ्यायच्या नसतात. घरच्यांनीही त्यासाठी आग्रह धरू नये.

मूल होऊ शकतं. आजार आटोक्यात आहे, स्टेंट वाहता आहे, असं बघून ठरवून दिवस राहू द्यावेत. वॉरफरिन आणि असेनोकुमेरॉलने गर्भात दोष होऊ शकतात, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. म्हणून पाळी चुकली की लगेच तपासायचं आणि हेपारिनच्या इंजेक्शनवर जायचं. स्वतःहून नुसती गोळी थांबवून बसायचं नाही.

स्टेंट बंद पडला तर?

पुन्हा उघडता येतो. मानेतूनच जाऊन फुगा फुगवतात, क्वचित स्टेंटमध्ये दुसरा स्टेंट घालतात. लवकर कळलं तर सोपं जातं. म्हणून डिस्चार्जआधी एक डॉप्लर, मग एक, तीन आणि सहा महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी. त्याच वेळी यकृतात गाठ नाही ना तेही पाहिलं जातं, कारण वर्षानुवर्षं तुंबलेल्या यकृतात कॅन्सरचा धोका वाढतो.

एमआरआय, विमानप्रवास, जड काम चालेल का?

आजच्या बहुतेक स्टेंटसह एमआरआय करता येतो, स्टेंटचं कार्ड दाखवा. विमानतळावर अडवत नाहीत. लांबच्या प्रवासात मधूनमधून उठून चाला. जड काम साधारण दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून.

खर्चाचं कसं करायचं?

आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला) गाठा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमची प्रक्रिया कुठल्या पॅकेजमध्ये बसते ते दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवणं बंधनकारक आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. तिथले वैद्यकीय समाजसेवक मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही भरून देतात. स्टेंटचा खर्च एकदाचा, पण डॉप्लर, आयएनआर आणि गोळ्या दरमहाच्या आहेत, घरखर्चात ती रक्कम धरा.

प्रत्यारोपणाची वेळ कधी येते?

यकृत झपाट्याने निकामी झालं, किंवा स्टेंट आणि टिप्स दोन्हीने भागलं नाही तर. राज्यात मेंदूमृत दात्यांच्या यकृतासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांमार्फत यादी चालते. नवं यकृत मिळालं तरी बऱ्याच जणांना रक्त पातळ करायचं औषध चालूच ठेवावं लागतं.

रात्री-बेरात्री कधी निघायचं?

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोक्याला मार लागणं (जखम दिसत नसली तरी), अचानक जोराची पोटदुखी, दोन-तीन दिवसांत पुन्हा फुगलेलं पोट, तापासोबत पोटदुखी, कावीळ, लघवी कमी होणं किंवा असंबद्ध बोलणं. यांतलं काहीही असेल तर सकाळची ओपीडी बघू नका. सोबत केसपेपर, शेवटचा आयएनआर, स्टेंटचं कार्ड आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की रक्त पातळ करायचं औषध चालू आहे.